नेट येतं-जातं, तेव्हा नेमकं काय बघायचं?

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन जवळ घेऊन बसा, आज दोन-तीन गोष्टी लिहून घ्याव्या लागतील.

घरातलं इंटरनेट साफ बंद पडलं, तर त्याचं कारण सापडणं त्या मानानं सोपं. छळतं ते येत-जात राहणारं नेट. मुलाची ऑनलाइन परीक्षा चालू असताना दोन मिनिटं जातं, दुरुस्तीला माणूस आला की व्यवस्थित चालतं आणि तो जिना उतरला की पुन्हा जातं. अशा वेळी बहुतेक जण राउटर बंद करून पुन्हा चालू करतात. नेट येतं, पण बिघाड कुठे होता याची खूणही त्याबरोबर पुसली जाते. म्हणून पहिली विनंती ही, की नेट गेल्या गेल्या राउटरच्या बटणाला हात लावू नका. एक मिनिट थांबा आणि बघा.

नेटच्या वाटेचे दोन टप्पे आहेत. पहिला तुमच्या संगणकापासून राउटरपर्यंत, दुसरा राउटरपासून कंपनीपर्यंत. कुठला टप्पा तुटतोय ते कळलं, की निम्मं काम झालं. ते कळायला पैसे लागत नाहीत.

विंडोजच्या संगणकावर विंडोजचं बटण दाबा, सी-एम-डी ही तीन अक्षरं टाइप करून एंटर करा. काळी विंडो उघडेल. तिच्यात आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी असं सलग टाइप करून एंटर दाबा. आलेल्या मजकुरात 'डिफॉल्ट गेटवे' ही ओळ शोधा. तिथे 192.168.1.1 किंवा 192.168.29.1 असा काहीतरी आकडा असेल. तोच तुमच्या राउटरचा पत्ता. कधी तिथे एफ-ई-80 नं सुरू होणारी लांबलचक ओळ दिसते. ती सोडून द्या, तिच्या खालचा आकडा घ्या.

आता त्याच विंडोत पी-आय-एन-जी टाइप करा, एक स्पेस, मग राउटरचा पत्ता, पुन्हा स्पेस, एक छोटी आडवी रेघ आणि तिला चिकटून टी. एंटर दाबा. साधारण दर सेकंदाला राउटरला एक हाक जाईल आणि त्याच्या उत्तराची एक ओळ उमटत राहील. तशीच दुसरी काळी विंडो उघडा आणि तिथे राउटरच्या पत्त्याऐवजी आठ, टिंब, आठ, टिंब, आठ, टिंब, आठ लिहा. हा गूगलचा सर्व्हर, म्हणजे बाहेरचं जग. दोन्ही विंडो शेजारी-शेजारी ठेवून संध्याकाळभर चालू द्या. थांबवायचं असेल तेव्हा कंट्रोल आणि सी एकदम दाबा. किती टक्के उत्तरं हरवली ते खाली छापून येतं.

नेट गेलं त्या क्षणी दोन्ही विंडोत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' यायला लागलं, तर पहिला टप्पा तुटलाय. दोष वाय-फायचा, संगणकाचा किंवा खुद्द राउटरचा. राउटरची विंडो सुरळीत आणि फक्त बाहेरची अडली, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे. दोन्ही सुरळीत असूनही ब्राउझर 'वेबसाइटचा पत्ता सापडत नाही' म्हणत असेल, तर बहुधा डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा, अडतेय. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस हातानं 1.1.1.1 किंवा 8.8.8.8 असा भरून बघा. एखाद-दुसरी ओळ चुकली तर घाबरू नका. सलग आठ-दहा चुकल्या की लक्ष द्या.

पहिला टप्पा तुटत असेल, तर आधी तीन-चार मीटरची लॅन केबल आणून संगणक थेट राउटरला जोडा. प्लगची क्लिप 'टक्' वाजून बसली पाहिजे. क्लिप तुटलेली केबल वापरूच नका, तिनंच येत-जात राहणारा बिघाड होतो. केबलवर सगळं ठीक चाललं, तर वाय-फाय दोषी ठरलं. राउटर टीव्हीच्या मागे, माळ्यावर किंवा लोखंडी कपाटाशेजारी असेल तर आधी तिथून हलवा. वाय-फायचे लहरींचे दोन मुख्य पट्टे असतात, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर शेजाऱ्यांची गर्दी असते, मायक्रोवेव्हही तिथेच खळबळ करतो. राउटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं सेटिंगचं पान उघडतं. तिथे त्या पट्ट्यावर चॅनेल 1, 6 किंवा 11 यांपैकीच एक ठेवा, कारण एकमेकांवर न चढणारे चॅनेल हेच. 5 गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर थकतं. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल, तर संगणक या पट्ट्यावरून त्या पट्ट्यावर उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला जोडणी तुटू शकते. दोघांना वेगळी नावं द्या.

यूएसबीला लावायचा वाय-फायचा छोटा डोंगल वापरत असाल, तर त्याच्या शेजारच्या यूएसबी 3 पोर्टला हार्ड डिस्क लावू नका. तिच्या वायरीतून 2.4 गिगाहर्ट्झमध्येच गोंगाट होतो. डोंगल एक्स्टेन्शन वायरीवर लांब ठेवा. शिवाय विंडोज वीज वाचवायला वाय-फाय कार्ड झोपवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडा आणि पॉवर मॅनेजमेंटमधली पहिली खूण काढून टाका. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब दिसत नाही. तिथे निदान लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाका.

दोन्ही विंडो अडल्या आणि राउटरचे सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागले, तर राउटर स्वतःच रीस्टार्ट होतोय. त्याच्या सेटिंगच्या पानावर 'अपटाइम', म्हणजे तो सलग किती वेळ चालू आहे, ते बघा. आठवडाभर हात न लावलेला राउटर वीस मिनिटांचा अपटाइम दाखवत असेल, तर बहुतेकदा जुना अडॅप्टर कारण असतो. बहुतेक राउटरना 12 व्होल्ट लागतात. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, आणि पिनही त्याच मापाची हवी. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या झटक्यातही राउटर रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावा, नाहीतर राउटरसाठीचा छोटा 12 व्होल्टचा यूपीएस घ्या.

दोष पलीकडे असेल आणि घरी फायबर असेल, तर एलओएस नावाचा दिवा बघा. तो लाल लुकलुकत असेल, तर प्रकाश घरापर्यंत पोचत नाहीये. पिवळी किंवा पांढरी फायबर कपाटामागे चेपली गेली आहे का, खिळ्याला घट्ट गुंडाळली आहे का, ते तपासा. तिचं वेटोळं तळहातापेक्षा लहान करू नका. टोक काढून डोळ्यासमोर मात्र कधीही धरू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. बोटही लावू नका, धुळीचा एक कणसुद्धा त्या टोकाला पुरतो.

राउटरच्या पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे घरापर्यंत पोचलेल्या प्रकाशाची ताकद, असा उणे आकडा असतो. उणे 15 ते उणे 24 असेल तर निर्धास्त राहा. उणे 27 च्या आसपास नेट येत-जात राहणारच. इथे तीननं घसरण म्हणजे प्रकाश निम्मा. कोरड्या दिवशी उणे 20 आणि पावसात उणे 26 दिसत असेल, तर बाहेरच्या जोडात पाणी शिरतंय. हे दोन आकडे तारीख-वेळ घालून लिहून ठेवा.

तक्रार करताना 'नेट स्लो आहे' असं सांगू नका. 'केबलवर राउटरपर्यंत ठीक आहे, बाहेर तुटतं, अमुक वेळी, पॉवर एवढी' असं सांगा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. माणूस आला की फायबरच्या तुमच्या घरच्या टोकाला मीटर लावून ही पॉवर मोजायला सांगा आणि मोजलेला आकडा डॉकेट नंबरशेजारी लिहून ठेवा. तक्रार बंद करायला तो ओटीपी मागेल. द्यायच्या आधी त्या दोन काळ्या विंडो त्याच्यासमोर पुन्हा चालवा, आणि बिघाड पावसातला असेल तर पुढच्या पावसापर्यंत तक्रार उघडीच ठेवायला सांगा.