दुखण्यावरची गोळी : कोणाला, किती आणि कशासोबत

नमस्कार, श्रोतेहो. “ही गोळी वाईट असते का हो?” हा प्रश्न मेडिकलच्या काउंटरवर नेहमी ऐकू येतो. नुसत्या गोळीकडे बघून त्याचं उत्तर देता येत नाही. ती कोण घेतंय, किती दिवस घेतंय आणि सोबत आणखी कुठली औषधं चालू आहेत, हे कळलं तरच फायदा जास्त की तोटा ते सांगता येतं. आज दुखण्यावरच्या गोळ्यांचा हा हिशेब मांडू.

सुरुवात पाळीच्या दुखण्यापासून. पाळीत गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढतात, त्यामुळे स्नायू आवळतात आणि कळा येतात. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही दुखण्यावरची औषधं प्रोस्टाग्लँडिनचं तयार होणंच रोखतात. म्हणजे इथे औषध थेट दुखण्याच्या कारणावर काम करतं, आणि तेही महिन्यातून दोन-तीन दिवस. निरोगी मुलीने “सवय लागेल” या भीतीने कळा सोसत पडून राहावं, यात मला काही शहाणपण दिसत नाही. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, काहीतरी खाऊन, आठ तासांच्या अंतराने, दिवसाला तीनच्या वर नाही. पाळी सुरू होताच घ्यावी. कळा भरात आल्यावर घेतली तर गुण यायला वेळ लागतो. पोटात अल्सर होऊन गेलेला असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, अशा गोळीने पूर्वी दमा उसळला असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आता याच जातीची गोळी, डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक, सत्तरीच्या आजींच्या हातात आहे असं समजा. गुडघे दुखतात म्हणून रोज दोन. प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखणंच आणत नाहीत. जठराच्या आतलं संरक्षक अस्तर तीच सांभाळतात, आणि शरीरात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी वाहिनी उघडी ठेवायचं कामही तीच करतात. गोळीने हे दोन्ही आधार निघून जातात. म्हणून “उपाशीपोटी घेत नाही, मग काय होतंय?” हे म्हणणं अपुरं आहे. खाऊन घेतल्याने जळजळ कमी वाटेल, पण गोळी रक्तात गेल्यावरही अस्तर दुबळं करतेच. इंजेक्शन घेतलं तरी तेच. आणि अल्सर दर वेळी दुखतोच असं नाही. कधीकधी डांबरासारखी काळी, चिकट शौच हीच पहिली खूण असते. तसं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सोबत पॅन्टोप्रॅझोल, म्हणजे जठरातलं आम्ल कमी करणारं औषध, दिलेलं असतं. अल्सर होऊन गेलेल्यांना, वयस्करांना, ॲस्पिरिन चालू असलेल्यांना त्याचा खरा उपयोग होतो. जेवणाआधी अर्धा तास घ्यावं. पण ते जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भागच राखतं. मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला त्याचा काही आधार नाही.

मूत्रपिंडाचा धोका सगळ्यात जास्त कधी? बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल, जोडीला लघवी वाढवणारं औषध असेल, आणि त्यावर ही वेदनाशामक गोळी पडली तर. टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड हे दोन्ही बऱ्याचदा एकाच गोळीत असतात, त्यामुळे आपण दोन औषधं घेतोय हे माहीतच नसतं. त्यात जुलाब झाले, किंवा मे महिन्यात दिवसभर शेतात राबून पाणी कमी प्यायलं गेलं, तर लघवी कमी होते, पाय सुजतात. (जाता जाता : आपल्याकडची गिधाडं मेली ती डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन, मूत्रपिंडं निकामी होऊन. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. गिधाडाचं शरीर आपल्यापेक्षा फारच नाजूक ठरलं, हे खरं.)

मग आजींनी दुखणं सोसायचं? मुळीच नाही. गुडघे दुखतात म्हणून बसून राहिलं तर मांडीचे स्नायू कमजोर होतात आणि दुखणं वाढतं. आधी डायक्लोफेनॅकचं जेल वापरून बघा. एका गुडघ्याला साधारण चार ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा. रक्तात त्याचा फार थोडा अंश उतरतो. मांडीचे व्यायाम रोज करा. गोळी लागलीच तर डॉक्टरांना बीपीची औषधं दाखवून, कमीत कमी मात्रेत, मोजके दिवस.

पॅरासिटामॉल पोटाला आणि मूत्रपिंडाला सौम्य, पण त्याची चूक यकृताला भोवते. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत चार ग्रॅम ही कमाल मर्यादा; दारू पिणाऱ्याला, अगदी कृश माणसाला किंवा यकृताचा आजार असलेल्याला त्याहून कमी. गडबड होते ती बेरजेत. तापासाठी ६५० ची गोळी चार वेळा, म्हणजे २६००. सर्दीच्या गोळीत ५००, ती तीन वेळा, म्हणजे १५००. अंगदुखीच्या, दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीत ३२५, दोनदा, म्हणजे ६५०. झाले ४७५० मिलिग्रॅम, आणि घेणाऱ्याला वाटतं आपण तीन वेगळी औषधं घेतली. म्हणून कंपनीचं नाव वाचू नका, खाली बारीक अक्षरात लिहिलेला घटक वाचा. सुट्या गोळ्या घेताना नाव आणि मुदतीची तारीख कापली जाणार नाही अशा बेताने स्ट्रिप कापून मागा. मात्रा खूप जास्त गेल्याचं लक्षात आलं तर बरं वाटत असलं तरी वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो.

पावसाळ्यातल्या तापात डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो. मात्र स्टेंट बसवलेला असेल किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर ७५ मिलिग्रॅमची रोजची ॲस्पिरिन मनाने बंद करू नका. तिथे रक्तस्रावाच्या भीतीपेक्षा गुठळीचा धोका मोठा असू शकतो. ताप आला तर त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

कुठल्याही औषधाचा त्रास झाला तर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय नोंदीसाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. फोन करताना रिकामी स्ट्रिप हाताशी ठेवा. बॅच नंबर तिच्यावरच असतो. नमस्कार.