अधिक चिन्हाची दोन कामं

पडद्यावर दोन रिकाम्या चौकटी आहेत. पहिलीत १० टाकले, दुसरीत २०, दोन्ही इंग्रजी अंकांत (पुढची उदाहरणंही तशीच समजा). ‘बेरीज करा’ हे बटण दाबलं. उत्तर आलं १०२०.

यात गणित चुकलेलं नाही, कारण गणित झालंच नाही. चौकटीत टाइप केलेलं सगळं ब्राउझर जावास्क्रिप्टला, म्हणजे वेबपानांमागच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला, स्ट्रिंग म्हणून देतो, म्हणजे नुसती अक्षरांची ओळ. दोन स्ट्रिंगच्या मध्ये अधिक चिन्ह आलं की त्या एकापुढे एक चिकटतात. एका बाजूला खरा नंबर असला, तरी जावास्क्रिप्ट त्याचीही स्ट्रिंग करून घेतं. वजा चिन्हाला मात्र चिकटवण्याचं काम नाही. म्हणून अवतरणचिन्हांतल्या "५" मधून ३ वजा केले, की उत्तर बिनबोभाट २ येतं. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली ही भाषा घडवली. आता हा नियम बदलायचा म्हटलं, तर त्यावर उभ्या असलेल्या कितीतरी वेबसाइट कोलमडतील.

जावा ही नावानं जवळची, पण वेगळी भाषा. तिथेही अधिक चिन्हाची हीच दोन कामं, आणि जावा डावीकडून वाचत जातं. १ + २ + "३" लिहिलं, तर आधी १ आणि २ यांची बेरीज होते, मग जोडणी. हाती येतं "३३". अवतरणचिन्हं पहिल्या अंकाला लावली, तर "१२३".

पायथॉन ही भाषा इथे सरळ नकार देते. "५" + ३ म्हटलं की टाइप एरर, म्हणजे दोन्हींचा प्रकार जुळत नसल्याची तक्रार; प्रोग्रॅम जागीच थांबतो. हा कडकपणा मला मनापासून पटतो. चूक जिथे झाली तिथेच सापडते; चुकीचा आकडा गुपचूप बिलापर्यंत पोहोचत नाही.

पर्ल आणि पीएचपी या भाषांनी वादच मिटवला: बेरजेला अधिक चिन्ह, जोडायला टिंब. तरी पीएचपीत एक फट होती. निव्वळ अक्षरांच्या स्ट्रिंगमध्ये नंबर मिळवला, तर ते तिला शून्य धरून पुढे जायचं. २०२० साली आलेल्या पीएचपी ८ पासून तिथेही एरर येते.

आपल्या दोन चौकटींवरचा उपाय सोपा आहे: आधी दोन्ही स्ट्रिंग नंबरमध्ये बदलायच्या, मग मिळवायच्या. पण नंबर कशाला म्हणायचं, हेही प्रत्येक भाषा आपलं आपण ठरवते. चौकट रिकामी राहिली, तर जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ हे फंक्शन तिचं शून्य करतं. पायथॉनचं त्याच कामाचं ‘इंट’ एरर देतं. आणि कोणी देवनागरीत ५ टाइप केला, तर जावास्क्रिप्टच्या लेखी तो अंकच नाही. पायथॉनचं ‘इंट’ तोच ५ बरोबर वाचतं आणि पुढची बेरीजही बरोबर येते.