नेमकं दार दाखवणारा पत्ता

[दृश्य: काळा टर्मिनल, वर सरकत जाणारा मजकूर]

हे हूइज. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं नाव, कुणामार्फत, कधी नोंदवलं गेलं, हे विचारायची १९८२ पासूनची रीत. उत्तर येतं ते नुसता मजकूर. साचाही एक नाही: एका उत्तरात 'क्रिएशन डेट' लिहिलेलं, तर दुसऱ्यात त्याच तारखेला 'क्रिएटेड'. देवनागरी अक्षरं कशी पाठवायची, याचा तर नियमच नव्हता. २०१५ मध्ये हूइजच्या जागी आरडॅप या नव्या रीतीचं प्रमाण ठरलं: विचारणा वेबवरून, उत्तर ठरावीक साच्यात.

[दृश्य: जगाचा नकाशा, उजळणारे ठिपके]

पण नोंदी विखुरलेल्याच आहेत. डॉट कॉमच्या नोंदी ठेवणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीकडे, आयपी पत्त्यांच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांच्या आकडी पत्त्यांच्या, पाच प्रादेशिक संस्थांकडे. कुणाकडे काय आहे, याची यादी आयाना ही इंटरनेटवरची नावं-पत्ते सांभाळणारी संस्था ठेवते. ती दर वेळी कोण उघडून बघणार?

[दृश्य: ब्राउझरची पत्त्याची पट्टी, जवळून]

ते काम आरडॅप डॉट ऑर्ग ही मधली सेवा करते. आता या पट्टीकडे नीट बघा. आरडॅप डॉट ऑर्ग, स्लॅश डोमेन, स्लॅश एक्झाम्पल डॉट कॉम. एंटर. पत्ता बदलला! आता तिथे व्हेरिसाइनचा सर्व्हर आहे.

[दृश्य: तीच विचारणा टर्मिनलवर, ओळीओळीनं]

मधल्या क्षणात काय घडलं? पहिल्या ओळीत ३०२ हा संकेतांक: हवं ते इथे नाही, पुढे जा. खाली 'लोकेशन', आणि त्यापुढे व्हेरिसाइनचा पूर्ण पत्ता. बस, एवढंच. कचेरीच्या दाराशी बसलेला शिपाई कागद बघून खिडकी सांगतो, तसं. फाइल त्याच्याकडे नसते, आणि नसावीच. म्हणूनच मिळणारी नोंद शिळी प्रत नसते, थेट मूळ संस्थेकडची असते. ही पाहा: 'रजिस्ट्रेशन', १४ ऑगस्ट १९९५.

आयपी पत्ता देऊन बघू. एक डॉट एक डॉट एक डॉट एक. दार तेच, पण या वेळी उत्तर त्या पाच संस्थांपैकी आशिया-पॅसिफिकच्या एपनिककडून आलं. तिचं मुख्यालय ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला. विचारणाऱ्याला हे ठाऊक असायची गरजच पडली नाही. बँकेसारख्या दिसणाऱ्या संकेतस्थळाची लिंक मोबाइलवर आली, तर ते कधी नोंदवलंय हे कुणालाही असंच तपासता आलं पाहिजे.

[दृश्य: ४०४ चा पडदा]

मालकाचं नाव बहुतेकदा झाकलेलं असतं. काही देशांच्या डोमेनांना आरडॅप सर्व्हरच नाही, तिथे हे असं ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', येतं. तुम्ही काय विचारलंत, ते मधल्या सेवेला कळतं. ते नको असेल, तर आयानाची यादी उतरवून घ्या, ती सर्वांना खुली आहे.