थकवा मोजायची वही

(दृश्य: पहाटेचं मैदान. भेगाळलेली काळी माती, कडेला कपाशी.)

निवेदन:
अव्वल दर्जाचा फुटबॉलपटू एका सामन्यात 10 ते 12 किलोमीटर धावतो. त्याच्या पाठीवर, बनियनच्या खिशात जीपीएस असतं. कुठे वेग घेतला, कुठे करकचून थांबला, सगळी नोंद होते. यवतमाळ-वाशीमकडच्या गावात हे परवडणारं नाही. पण सरावाचा अंगावर पडणारा भार मोजायची एक रीत मोठ्या क्लबांनीही सोडलेली नाही, आणि तिला वही-पेन पुरतं.

सराव संपल्यावर अर्ध्या तासानं विचारायचं: शून्य ते दहात आज मेहनत किती? उत्तराला मिनिटांनी गुणायचं. 6 आणि 90 मिनिटं, म्हणजे त्या सरावाचा भार 540. लगेच विचारलं, तर शेवटच्या स्प्रिंटची धापच आकड्यात उतरते. चारचौघांत विचारलं, तर एक पोट्टा ‘चार’ म्हणाला की पुढचे सगळे चारच. एकेकाला बाजूला घ्या.

खरी गोम पुढे आहे. ऑगस्टात हाच पोट्टा पाठीवर 16 लिटरचा फवारणी पंप घेऊन चिखल तुडवतो. दिवाळीनंतर वाकून कापूस वेचतो. कंबर आणि मांडीची मागची बाजू तासन्‌तास ताणलेली. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा हाच मागचा स्नायू, धरतो संध्याकाळच्या स्प्रिंटला, आणि बोल लागतो वॉर्मअपला. शेतकामालाही त्याच पट्टीवर आकडा द्या: 3 आणि 300 मिनिटं, म्हणजे 900. वेचणी म्हणजे स्प्रिंट नव्हे, हे खरं. पण त्या संध्याकाळी सरावातून काय वगळायचं, ते ठरवता येतं.

(दृश्य: सतरंजीवर उताणा खेळाडू, गुडघ्यांमध्ये बीपीचा पट्टा.)

जांघेच्या स्नायूंसाठी बीपीचं यंत्र वापरा, काट्याचं, हाताने फुगवायचं; बॅटरीवालं इथे कामाचं नाही. गुडघे मुडपून मधे पट्टा, 10 पर्यंत हवा, मग पाच सेकंद पूर्ण ताकदीनं दाबायचं. असं तीनदा, सर्वांत मोठा आकडा वहीत. नेहमी 220 भरणारा 190 वर आला, किंवा दाबताना दुखलं, तर त्या दिवशी गोलवर फटके मारणं आणि झटक्यानं वळणं बंद.

मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. उन्हात तेवढ्याच धावण्याला नाडी जास्त चढते, म्हणून मैदानावरच्या नाडीवरून भार ठरवू नका. सरावाआधी आणि नंतर वजन करा. 60 किलोचा खेळाडू सव्वा किलो उतरला, तर वजनाच्या दोन टक्क्यांवर पाणी गेलं. नाडी बघायचीच, तर सकाळी अंथरुणातून उठण्याआधीची.