टेस्टरला न दिसणाऱ्या वायरी

श्रोतेहो, नमस्कार.

घराचं काम काढलं की टाइल्स कुठल्या, ओट्याला ग्रॅनाइट कुठला, यावर आठवडेच्या आठवडे खल होतो. वायरिंगची आठवण होते ती गवंड्याने भिंतीला छिन्नी लावल्यावर. मग वायरमन येतो, खिशातला टेस्टर टोचतो आणि म्हणतो, "ही फेज. बाकीचं बघू."

त्या 'बाकीचं'बद्दलच आज बोलायचंय. टेस्टर फेज, म्हणजे वीज आणणारी जिवंत तार दाखवतो. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, आणि अर्थिंग, म्हणजे गळती जमिनीत नेणारी तार, तो दाखवत नाही. आणि जुन्या घरातले घोळ बहुतेक तिथेच असतात.

पुण्याच्या पेठांत, गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत लाकडी पट्टीवरचं फिटिंग अजून सापडतं. मेन बोर्डावर चिनीमातीचे दोन फ्यूज: एक फेजला, एक न्यूट्रलला. न्यूट्रलचा उडाला की दिवे जातात, पण फेज होल्डरपर्यंत तशीच जिवंत राहते. घरच्यांना वाटतं वीज गेली, आणि कुणीतरी बल्ब काढायला स्टुलावर चढतं. म्हणून आता न्यूट्रलमध्ये फ्यूज ठेवत नाहीत; दोन्ही तारा एकदम तोडणारा डबल पोल स्विच बसवतात.

दुसरा घोळ उसन्या न्यूट्रलचा. हॉलच्या पंख्याला फेज हॉलची, पण न्यूट्रल शेजारच्या बेडरूमच्या बोर्डातून, कारण तो जवळ होता. वर्षानुवर्षं पंखा बिनबोभाट फिरतो. नूतनीकरणात दोन्ही खोल्यांना वेगवेगळे आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारे स्विच, बसतात आणि पंख्याचं बटण दाबताच खटका पडतो. आरसीसीबी गेलेल्या आणि परतलेल्या करंटचा हिशेब जुळवतो, फरक पडला की वीज तोडतो. घरात सहसा ३० मिलिअँपिअरच्या फरकाचा वापरतात. इथे गेलेला करंट परततच नाही, दुसऱ्याच वाटेने जातो. मग "आरसीसीबी खराब आहे" म्हणून तो काढून टाकतात! खराब काहीच नव्हतं.

हे शोधायचं तर मेन बंद करून वायरींची दोन्ही टोकं सुटी करावी लागतात. एका टोकाला लांब वायर जोडायची, दुसऱ्या खोलीत मल्टिमीटर लावायचा, पीं वाजलं की जोडी सापडली. लगेच चिठ्ठी चिकटवायची. काम कंटाळवाणं आहे, मजुरीही जास्त पडते. द्यावी.

अर्थिंगचं तर विचारूच नका. पूर्वी कित्येक घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असायची. आता प्लंबर तोच पाइप काढून प्लास्टिकचा टाकतो. गीझरच्या प्लगला तिसरी पिन असते, पण तिच्यामागे जमीन उरलेली नसते. नवीन अर्थिंग मेन बोर्डापासून थेट इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत न्यायला सांगा. खड्डाच नसेल तर सोसायटीला करून घ्यायला लावा.

नव्या वायरी दिव्यांना दीड, प्लगला अडीच, एसी-गीझरला चार चौरस मिलिमीटरच्या, असं साधारण धरतात. वायरीसाठी भिंतीत झिरी उभी किंवा आडवी मारायची, तिरकी नाही. पुढे कुणी खिळा ठोकताना अंदाज येतो. रबरी आवरणाची जुनी वायर मात्र ओढून पुन्हा वापरू देऊ नका. वाकवली की रबराचे कपचे पडतात.

झिऱ्या उघड्या असतानाच शेजारी मीटरपट्टी धरून फोटो काढून ठेवा. परवानाधारक कंत्राटदाराकडून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरीचं आवरण कुठे गळतंय का ते बघणाऱ्या मीटरने, तपासणीही तेव्हाच. तो म्हणेल, "साहेब, प्लास्टरवाला उद्या येतोय." त्याला परवा बोलवा.

नमस्कार.