फोर्क झालेले प्रकल्प एकमेकांच्या उपयोगी कसे पडतात?

नमस्कार. मुक्त सॉफ्टवेअरच्या एखाद्या प्रकल्पाचा फोर्क झाला, म्हणजे त्याचा सोर्स कोड घेऊन दुसऱ्या चमूने स्वतंत्र वाटचाल सुरू केली, की आधीच मोजके असलेले मनुष्यबळ विभागले गेले, अशी हळहळ व्यक्त होते. ती मला अर्धीच पटते. लिनक्सवर पीडीएफ वाचण्यासाठी असलेल्या काही प्रोग्रामचे उदाहरण पाहू.

२०११ मध्ये ग्नोम या लिनक्सवरील डेस्कटॉपची (पडद्यावरील खिडक्या, मेनू इत्यादींच्या मांडणीची) नवी आवृत्ती ग्नोम ३ आली, तेव्हा जुनी मांडणी हवी असलेल्यांनी ग्नोम २ च्या कोडवर माटे हा डेस्कटॉप उभा केला आणि ग्नोमच्या इव्हिन्स या पीडीएफ वाचकापासून माटेचा अ‍ॅट्रिल तयार झाला. पुढे अ‍ॅट्रिलमध्ये ईपब या स्वरूपातील ई-पुस्तके उघडण्याची सोय आली. २०१६ मध्ये लिनक्स मिंट या लिनक्सवर आधारित प्रणालीने अ‍ॅट्रिलवरून एक्सरीडर घडवला, तेव्हा ती सोय त्याला आयतीच मिळाली.

अर्थात, वारशात दोषही येतात. २०१७ मध्ये इव्हिन्समध्ये गंभीर त्रुटी उघड झाली. कॉमिक पुस्तकांची सीबीटी फाइल ही मुळात टार फाइल, म्हणजे अनेक फाइलींचे एकत्र गाठोडे, असते. तिच्या आतील एखाद्या फाइलचे नाव दोन आडव्या रेघांनी सुरू केले, तर ते नाव हे गाठोडे उघडणाऱ्या टार प्रोग्रामला दिलेला पर्याय, म्हणजे सूचना, ठरे आणि ती फाइल उघडणाऱ्याच्या संगणकावर हल्लेखोराला हवी ती आज्ञा चालवता येई. अ‍ॅट्रिलमध्ये तोच कोड होता. पण त्यामुळेच दोष नेमका कुठे शोधायचा हे लगेच कळले, आणि डेबियन या लिनक्स प्रणालीने दोन्ही प्रोग्रामच्या दुरुस्त आवृत्त्या पाठोपाठ दिल्या. माझ्या मते फोर्कचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

ही देवाणघेवाण दोन्ही दिशांनी होऊ शकते, कारण हे सर्व प्रोग्राम जीपीएल या, कोड वापरण्याची आणि बदलण्याची मुभा देणाऱ्या, परवान्याखाली आहेत. परवाने वेगळे झाले की वाट एकेरी होते: ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरचा फोर्क असलेल्या लिबरऑफिसने २०१३ मध्ये अपाची ओपनऑफिसमधील साइडबार (खिडकीच्या बाजूची पट्टी) घेतला, मात्र लिबरऑफिसचा कोड अपाचीच्या परवाना-धोरणामुळे सहसा उलट जाऊ शकत नाही.

पानावर मजकूर उमटवण्याचे काम इव्हिन्स, अ‍ॅट्रिल आणि एक्सरीडर हे तिघेही पॉपलर या लायब्ररीकडे, म्हणजे इतर प्रोग्रामनी वापरायच्या तयार कोडकडे, सोपवतात. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचा ओक्युलर हा वाचकही तीच वापरतो, आणि ती स्वतः एक्सपीडीएफ या जुन्या पीडीएफ वाचकाचा फोर्क आहे. तिथली एक दुरुस्ती चौघांनाही लाभते.

वर्षे उलटतात तसा कोड दुरावतो आणि पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, जसाच्या तसा लागू होत नाही, हे खरे आहे. तरीही दुरावलेली शाखा मूळ प्रकल्पाला परकी होतेच असे नाही: २०२५ मध्ये ग्नोम ४९ ने इव्हिन्सच्या जागी पेपर्स हा वाचक स्वीकारला, आणि तो इव्हिन्सचाच फोर्क आहे.