माशी किती उंच हवी?

[दृश्य: घोडा सावकाश मागे ताणला जातो]

घोडा, म्हणजे बार काढणारा हातोडा, खाली असताना या रिव्हॉल्व्हरला मागची साइटच नसते. तो पूर्ण ताणला, की त्याच्या नाकावरची बारीक खाच वर येते. त्या खाचेत नळीच्या टोकावरची पितळी माशी, म्हणजे पुढची साइट, धरायची आणि चाप ओढायचा. सॅम्युएल कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही मॉडेलवर नेम धरायची सोय एवढीच.

हे मूळ हत्यार नव्हे, प्रतिकृती आहे. उत्तर इटलीत ब्रेशियाजवळ व्हाल त्रोम्पिया नावाचं खोरं आहे, बंदुका घडवणाऱ्यांचं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅल फोर्जेट या अमेरिकनाने तिथून नेव्हीच्या प्रतिकृती बनवून घ्यायला सुरुवात केली.

२५ मीटरवर मारून पाहिलं की बहुतेकांची तक्रार एकच: गोळी वर जाते, कधी कधी चांगली वीतभर. कारण माशी बुटकी असते. ती खाचेच्या काठाशी जुळवायला नळीचं तोंड नकळत वर उचललं जातं. गोळी खाली आणायची, तर माशी उंच करायला हवी. इथे फिरवायला स्क्रू नाही.

उंच म्हणजे किती? खाचेपासून माशीपर्यंतचं अंतर २५० मिलिमीटर धरू. २५ मीटर म्हणजे त्याच्या शंभरपट. गोळी २०० मिलिमीटर वर लागत असेल, तर माशी २ मिलिमीटरने वाढवायची. अर्ध्या मिलिमीटरची चूक निशाणावर ५ सेंटिमीटर होऊन दिसते.

नवी माशी जरा उंच बसवून मग घासत नेमकी करायची असते, म्हणूनच कानस सर्वांत शेवटी हातात घ्यावी. आधी बंदुकीच्या दारूचं माप कायम करायचं. चेंडू, म्हणजे गोल गोळी, हळू सुटला तर नळीत जास्त वेळ राहतो, तेवढ्यात धक्क्याने नळी उचलली जाते आणि तो वर लागतो. मग पाचर. कोल्टची नळी एका आडव्या पाचरीवर धरलेली असते. ती रोज वेगळी ठोकली तर नळीही रोज वेगळी बसते. हे पक्कं झालं की टेकू घेऊन पाच-सहा बार काढायचे आणि त्यांच्या मध्यावरून मोजायचं. एका गोळीवर कधीच नाही.

[दृश्य: पितळी माशी, जवळून. कानशीचा एक हात]

बार पेटवणाऱ्या टोप्या काढलेल्या, सिलिंडर वेगळा. जुनी माशी उपटून त्या भोकात हिशोबापेक्षा थोडी उंचच नवी माशी बसवली आहे. आता गोळी खाली लागते, आणि तेच हवं आहे. पितळ कानशीला मऊ लागतं. दोन हात मारायचे, पुन्हा बार काढून पाहायचे. काही जण घोड्यावरची खाच खोल करतात; मला ते पटत नाही. घोड्याचा वरचा थर कडक केलेला असतो, कानस घसरते, आणि बिघडलेला घोडा बदलणं माशी बदलण्याइतकं स्वस्त नाही.

डावी-उजवीकडची चूक कोल्टमध्ये त्रासाची. रेमिंग्टन या दुसऱ्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या बऱ्याच प्रतिकृतींत माशी आडव्या खाचेत सरकते. गोळी डावीकडे लागत असेल तर पितळी दांडीने माशीही डावीकडेच ठोकायची.

ठासणीच्या, म्हणजे दारू-गोळी ठासून भरायच्या, हत्यारांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत रिव्हॉल्व्हरचा मारिएट प्रकार २५ मीटरवरच होतो: तेरा गोळ्या, त्यातल्या सर्वोत्तम दहा धरतात. माशी त्याच अंतराला बसवायची. ५० मीटरवर गोळी खाली येते, तिथे नेम थोडा वर धरायचा. त्यासाठी पुन्हा कानस लावायची नाही.